चोर पकडणारं गेट घेताय? काउंटरवर बसणारीचा रिव्ह्यू वाचा आधी

सिंहगड रोडला आमचं दुकान आहे, म्हणजे शेठचं आहे, मी बिलिंगला. पुढं सोसायट्या, मागं वस्ती, मध्यम साइजचं सुपरमार्केट, किराणा, कॉस्मेटिक, थोडे कपडे, जून आला की शाळेचं सामान. नाव टाकत नाही दुकानाचं, आणि गेट विकलेल्या कंपनीचंपण नाही, नोकरी करायचीये अजून. पण दारात ते दोन पांढरे खांब असतात ना, बिल न करता माल नेला की कोकलतात ते, ते घ्यावे का असं बरेच दुकानदार विचारत असतात आणि उत्तर द्यायला सगळे विकणारेच हजर. वापरणारं कोण बोलत नाही. म्हणून लिहितेय.

पॅकेजमधे काय आलं ते सांगते. दोन खांब, काउंटरवर ठेवायचं पॅड ज्याच्यावर वस्तू घासली की स्टिकर मरतो, स्टिकरचे रोल, कपड्यांसाठी प्लास्टिकचे पिनवाले कडक टॅग आणि ते उघडायचं लोहचुंबक. बसवताना दारातली फरशी कापून वायर टाकली, ती फरशी अजून नीट बसलेली नाही, ट्रॉली अडकते तिथं. माणूस येऊन डेमो देऊन गेला, खिशात स्टिकर ठेवून गेटमधून गेला, टॅंव टॅंव वाजलं, शेठ खूश. डेमो असाच असतो, खिशात नुसता कोरा स्टिकर.

आता मुद्द्याचं. ह्या सिस्टीम मेनली दोन प्रकारच्या असतात. एक ८.२ मेगाहर्ट्झवाली, तिचे स्टिकर चौकोनी कागदी, आत गोल गोल तार दिसते उजेडात धरलं की. दुसरी ५८ किलोहर्ट्झवाली, तिचे स्टिकर लांबट, जरा फुगीर. पहिली स्वस्त, म्हणून किराणावाल्यांच्या गळ्यात सहसा तीच मारतात. आमच्याकडं पण तीच. आणि हिचा प्रॉब्लेम असा की धातूजवळ स्टिकर लावला की तो आंधळा होतो. पत्र्याचा डबा, चांदीचा कागद, आतनं चकचकीत असलेलं पाकीट, काही चालत नाही. आता तुम्हीच बघा किराणा दुकानात महाग काय असतं. तुपाचा डबा, बाळाच्या दूध पावडरीचा डबा, डिओ, चहा-कॉफीची पाकिटं, चॉकलेट, सुकामेव्याची चांदीवाली पाकिटं. म्हणजे जे जपायचं तेच वाजत नाही, आणि खोबरेल तेलाची साधी प्लास्टिकची बाटली मात्र ठणठणीत वाजते. हे डेमोवाल्याला माहीत नव्हतं असं मी तरी मानणार नाही. पाण्याच्या आणि डब्यांच्या मालावर दुसरी सिस्टीम बरी चालते पण तिचा खर्च वेगळा.

स्टिकर एका नगाला रुपया-दीड रुपया पडतो. दहा रुपयाच्या बिस्किटावर तो लावायचा का? त्या पुड्यात दुकानदाराला सुटतो किती! म्हणून निवडक मालालाच लावतो, आणि लावायला वेगळा माणूस नाही, आम्हीच पोरी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना बसून चिकटवतो. बारकोडवर चिकटवला तर बिलिंगला स्कॅन होत नाही, एक्सपायरीवर चिकटवला तर गिऱ्हाईक भांडतं.

आणि उगाच वाजणं! आमचं शटर लोखंडी, ते अर्धं खाली असलं की गेटला काय होतं देव जाणे, सारखं वाजतं. वरती नवीन एलईडी पट्ट्या लावल्या तेव्हा पण आठवडाभर हाच तमाशा, मग टेक्निशियन येऊन म्हणे लाइटच्या ड्रायव्हरचा त्रास होतोय, गेट लांब घ्या. लांब कुठं घेऊ, रस्त्यावर? त्यात संध्याकाळच्या गर्दीत एखादी वस्तू पॅडवर घासायची राहते, मग पैसे भरलेल्या काकू दारात अडकतात आणि सगळी लाइन वळून बघते. कुठल्यातरी मोठ्या दुकानातनं घेतलेल्या ड्रेसच्या शिवणीत त्यांचा स्टिकर जिवंत राहिलेला असतो, ती बाई आमच्याकडं आत येतानाच वाजते. एक ताई तर प्रत्येक वेळी हात वर करून येते आता, हसत हसत, पण तिला ते आवडत नाही हे कळतं ना.

बरं, चांगलं पण सांगते नाहीतर म्हणाल हिला सगळंच वाईट दिसतं. कपड्यांच्या सेक्शनला पैसे वसूल आहेत. टॉवेल, बेडशीट, लेगिंग्ज, दप्तरं, ह्यांना कडक टॅग लावला की विषय संपला, दातानं निघत नाही, ओढून काढला तर कापड फाटतं. दिवाळीच्या आधी दोन-तीन बायकांची टोळी यायची, एक मला भाव विचारत बसणार, दुसरी ट्रॉली आडवी लावणार, तिसरी मोठ्या पिशवीत बेडशीट भरणार. गेट लागल्यावर एकदा वाजलं, पिशवी तिथंच टाकून पळाल्या, परत दिसल्या नाहीत. दूध पावडरीचे डबे पण असेच, सहा-सहा डबे उचलणारा माणूस घरी सहा तान्ही बाळं घेऊन बसलेला नसतो, तो माल दुसरीकडं विकला जातो. ते डबे शेवटी आम्ही कुलपाच्या काचेच्या कपाटात टाकले, गेटचा त्यात काही उपयोग नाही झाला.

आणि सगळ्यात जास्त पैशाची चोरी कोण करतं ते ऐका. गाडी बाहेर लावून येणारी माणसं. वजनकाट्यावर स्वतः कोड दाबायची सोय होती आमच्याकडं, त्यावर बदाम ठेवून शेंगदाण्याचा कोड मारायचा, स्टिकर घ्यायचा, झालं. बिल रीतसर होतं, पैसे भरले जातात, गेट गप्प. स्वस्त मालाचं किमतीचं स्टिकर काढून महागावर लावणं, दोन-तीन खजूर येता जाता तोंडात टाकणं, डिओची नवी बाटली उघडून अंगावर मारून परत ठेवणं. ह्यातल्या कुणाला पकडलं की आवाज कोणाचा चढतो? त्यांचाच. "मला चोर समजता का, मॅनेजरला बोलवा, रिव्ह्यू टाकतो." आणि मॅनेजर सर सॉरी म्हणतात. वजनकाट्यावर शेवटी माणूस बसवला तेव्हा ते थांबलं.

अजून एक, जे विकणारे कधी सांगत नाहीत. महिन्याच्या शेवटी स्टॉक घेतला की जी शॉर्टेज निघते ती सगळी चोरी नसते. डिस्ट्रिब्युटरचा पोरगा बॉक्स देतो, वरनं नवा टेप मारलेला, आत बाराच्या जागी अकरा. उंदीर आहेत. एक्सपायरीचा माल कंपनीला परत गेला पण नोंद राहिली. बिलिंगला एक साबण दोनदा स्कॅन, एक राहिला. हे सगळं मिळून आकडा येतो आणि नाव पडतं चोरीचं. मी आधी जिथं होते तिथं तर ही शॉर्टेज आमच्या पगारातून कापायचे, सगळ्यांच्या थोडी थोडी. कायद्यात असं सरसकट कापता येत नाही, माल त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला पाहिजे, त्याच्या हलगर्जीपणामुळं गेलेला पाहिजे आणि कापायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण ते पुढं जाऊन सांगणार कोण? आणि पगार कापला जाणार म्हणलं की तुम्ही गिऱ्हाइकाकडं कसं बघायला लागता ते मी बघितलंय, फाटक्या पिशवीची बाई दिसली की पोरी मागं मागं फिरायला लागतात, बदामवाल्याच्या मागं कोणी नाही फिरत. ह्या दुकानात कापत नाहीत, शेठना ह्याबद्दल पूर्ण मार्क.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले ते.

सोडून दिलेला माल नीट बघितला, म्हणजे दारात सापडलेला, ट्रॉलीखाली, रॅकच्या मागं रिकामं पाकीट मिळालेला, तर वस्तीतली माणसं काय नेतात ते कळतं. तांदूळ-गहू कधीच नाही. पिवळ्या कार्डाला आणि धान्य चालू असलेल्या केशरीला रेशनला मिळतंय, २०२३ पासून ते फुकट आहे, प्राधान्यवाल्यांना माणशी पाच किलो, अंत्योदयला घराला पस्तीस. पण रेशनवर तेल नाही, चहा पावडर नाही, साबण नाही, सॅनिटरी पॅड नाहीत. आनंदाचा शिधा निघाला होता २०२२ च्या दिवाळीत, शंभर रुपयात रवा, साखर, चणाडाळ, पामतेल, तो सणापुरता. आणि धान्य तरी सगळ्यांना कुठं, वस्तीतल्या एक मावशी सांगत होत्या की भांडी घासून घासून बोटाचे ठसे गेलेत, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटतच नाही, पोराला सोबत न्यावं लागतं, पोरगं कामावर असलं की त्या दिवशी परत. तर जातं काय? तेलाची एक लिटरची पिशवी. चहा पावडर. अंगाचा साबण, तो पण एकच. पॅडचं पाकीट. जूनमधे कंपासपेटी आणि वह्यांना घालायचे ब्राऊन पेपरचे रोल. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातनं पाणी सोडलं आणि इथल्याच एकतानगरीत घरात पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या दिवसांत फिनेल आणि खराटे जायला लागले. खराटा कोण चोरतं सांगा मला! एवढा मोठा खराटा कोणी पिशवीत लपवत नाही, तो हातात धरून सरळ निघून जातात आणि आपण बिल झालं असेल म्हणून बघत बसतो.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. एक काका यायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कंपनीतून रिटायर. ह्या लोकांची ईपीएफची पेन्शन किती असते माहितीये का, किमान हजार रुपये महिना, २०१४ पासून तेवढीच आहे. हजार रुपयात पुण्यात काय येतं! काका दूध आणि ब्रेड बिल करायचे आणि दुखण्याच्या बामची छोटी बाटली पँटच्या खिशात. आम्हाला माहीत होतं. त्यावेळी गेट नव्हतं. मी बिल करताना म्हणायचे, काका, बामचं राहिलं का बिलात घ्यायचं? ते म्हणायचे, अगं हो की, विसरलोच बघ. कधी घ्यायचे, कधी नको राहू दे म्हणून काढून ठेवायचे. मागच्या माणसाला कळायचं पण नाही काही. काउंटरवर बसणारी प्रत्येकजण हे वाक्य शिकते, "बिलात घ्यायचं राहिलं का". कोणी शिकवत नाही, मोठ्या पोरींचं ऐकून येतं. ह्यानं माल परत येतो, गिऱ्हाईकपण परत येतं.

गेट आल्यावर ह्या वाक्याला जागाच राहिली नाही. गेट काउंटरच्या पुढं चार पावलांवर. मी विचारेपर्यंत माणूस तिथं पोचलेला असतो आणि एकदा वाजलं की ते सगळ्यांचं झालं, लाइनमधल्या लोकांचं, सिक्युरिटी काकांचं, आणि मोबाइलवर कॅमेरा बघत घरी बसलेल्या शेठचं. मग काहीतरी करावंच लागतं. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात एक बाई वाजली, दोन सोसायट्यांत धुणंभांडी करते, ओळखीची, पदराखाली कंपासपेटी. आधी असतं तर मी काउंटरवरच "बिलात घ्यायचं राहिलं का" म्हणलं असतं. सिक्युरिटी काकांनी थांबवलं, ते स्वतः बारा तास उभे असतात, एजन्सी त्यांच्या पगारातून काय काय कापते ते त्यांना विचारा. ते बाईला हात लावू शकत नाहीत, मग मला काउंटर सोडून बोलावलं, हिची पिशवी बघ म्हणून. का म्हणून मी? झडती घ्यायचा अधिकार दुकानाला नाहीच आहे, पोलिसांना सुद्धा बाईची झडती बाईकडूनच घ्यावी लागते. मी म्हणलं मी नाही बघणार, ताई तुम्हीच काय असेल ते काढून द्या. तिनं दिली पेटी. मॅनेजर सरांनी स्टोअररूममधे नेऊन मोबाइलवर फोटो काढला तिचा, पेटी हातात धरायला लावून. दुसऱ्या दिवशी प्रिंट काउंटरच्या मागं चिकटवलेली, सोबत आधीपासूनचा बोर्ड होताच, "चोरी करताना सापडल्यास दहापट दंड".

तो बोर्ड पुण्यात निम्म्या दुकानात असेल. कायद्यात त्याला काडीची किंमत नाही. दंड कोर्ट करतं, दुकान नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ३०३ बघा, चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड आहेच, पण माल पाच हजाराच्या आतला, गुन्हा सिद्ध झाला तरी पहिल्यांदाच, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. म्हणजे सरकारनं सुद्धा पहिल्या छोट्या चोरीला जेल नको असं ठरवलंय, आणि आम्ही फोटो लावतोय. माणसाला स्टोअररूममधे बसवून ठेवणं हा उलट दुकानावर गुन्हा होऊ शकतो. हे सगळं मी शेठना सांगितलं, आमच्या मेव्हण्यानं वकिलाकडं टायपिंगचं काम केलंय त्याच्याकडून खात्री करून. चिकटवलेला फोटो उतरवला त्यांनी. माणुसकी म्हणून की केसच्या भीतीनं ते मी विचारलं नाही, फोटो निघाला ते महत्त्वाचं. ती बाई मात्र आता समोरच्या रस्त्यानं जाते, आणि सोसायटीतल्या दोन घरांचं सामान ती आमच्याकडून न्यायची ते पण गेलं, महिन्याचं ते बिल कितीतरी कंपासपेट्यांचं होतं.

शेठचे वडील ह्याच जागेत किराणा चालवायचे, मधे लाकडी काउंटर, गिऱ्हाईक बाहेर, माल आत. मागाल ते काढून देणार, पाच रुपयाची चहा पावडर कागदात बांधून देणार, आणि मागं खिळ्याला उधारीची वही. चोरी व्हायला माल हाताशी नसायचाच आणि महिना अखेरीला हात पसरायची पण एक रीत होती, "दादा लिहून ठेवा". ती उधारी बुडायची पण, जुन्या वह्यांत अशी पानं आहेत ज्यांचं कोणी परत आलंच नाही, म्हातारे शेठ शिव्या घालायचे, सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. मग सुपरमार्केट झालं, माल मोकळा ठेवला, कारण मोकळा ठेवला की लोक जास्त घेतात, हा धंद्याचा हिशोबच आहे. उधारी बंद, सुट्टं बंद, तेल एक लिटरच्या खाली ठेवायचं नाही. आणि मग मोकळा ठेवलेला माल जातो म्हणून वरनं गेट.

आम्ही गेटशिवाय काय काय करून बघितलं त्यातलं जे चाललं ते सांगते. चहाची दहावाली पाकिटं आणि तेलाची दोनशे मिलीची पिशवी परत ठेवायला लागलो, बिलिंगच्या शेजारच्या रॅकवर. एक लिटरची जाणं कमी झालंय असं मला वाटतं, मोजलेलं नाही. पॅड मॅनेजर सरांनी काउंटरच्या मागं ठेवले होते, तिथं बिलिंगला दोन मुलगे, बायका मागायच्याच नाहीत, खपच बंद झाला, मग मी भांडून ते परत रॅकवर आणले आणि सहाचं छोटं पाकीट चालू केलं. जूनमधे शाळेच्या सामानाला महिन्याभराचे हप्ते, ओळखीच्या कामवाल्यांना, चिठ्ठीवर. बुडाले काही, शेठ कुरकुरले, पण स्टिकरच्या रोलवर त्याहून जास्त जातात, ते त्यांनीच हिशोब करून सांगितलं मला.

तर रेटिंग. कपडे, बेडशीट, दप्तरं असतील तर पाचातले साडेतीन, घ्या. कॉस्मेटिकला तीन, काजळ-लिपस्टिक कॉलेजच्या पोरी उचलतात त्याला धाक बसतो. निव्वळ किराण्याला एक, तो पण आवाज मोठा आहे म्हणून. सर्व्हिसला शून्य, आमच्या कंपनीचा माणूस फोन केल्यावर "उद्या येतो" म्हणतो आणि कुठला उद्या ते सांगत नाही, पहिलं वर्ष संपलं की एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, पैसे वेगळे, आणि स्टिकर त्यांच्याकडूनच घ्या म्हणून मागं लागतात, तसं काही नाही, फ्रिक्वेन्सी तीच असली की दुसऱ्याचे चालतात.

घ्यायचंच असेल तर त्यांच्या शोरूममधे डेमो बघू नका. त्यांना दुकानात बोलवा, शटर अर्धं खाली घ्या, सगळे लाइट चालू ठेवा, आणि तुमच्या रॅकवरचा तुपाचा डबा, डिओ, चहाचं पाकीट ह्यांना स्टिकर लावून तुम्ही स्वतः गेटमधून जाऊन बघा. गेट दारात बसवणार असाल तर काउंटर आणि गेटमधे निदान एवढं अंतर सोडा की बिलिंगवाली उठून माणसापर्यंत पोचू शकेल. आवाज कमी करायचं बटण सहसा खांबाच्या आत असतं, टेक्निशियनकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, नंतर त्याचे व्हिजिट चार्जेस लावतात.